आजोबा कुठे गेले? मुलांच्या प्रश्नाला आपण काय उत्तर देणार?

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



जन्मोत्सवाच्या अंकात मृत्यूविषयी लिहायचं म्हणजे काहींना ते अशुभ वाटेल. मार्गशीर्ष पौर्णिमेला पाळणा हलतो, सुंठवडा वाटला जातो, आणि हा गृहस्थ कुठला विषय घेऊन बसला, असंही कुणी म्हणेल. पण मंडळी, आपल्या संप्रदायाचं पंचांग जरा नजरेखालून घाला. आश्विन वद्य द्वादशीला आपण गुरुद्वादशी करतो. त्या दिवशी श्रीपाद श्रीवल्लभ कुरवपूरला कृष्णेत गुप्त झाले. माघ वद्य प्रतिपदेला गुरुप्रतिपदा. त्या दिवशी श्रीनृसिंहसरस्वतींनी गाणगापूरचा निरोप घेतला आणि ते श्रीशैलाकडे निघाले. चैत्र वद्य त्रयोदशीला अक्कलकोटच्या स्वामींची पुण्यतिथी. आषाढ शुद्ध प्रतिपदेला गरुडेश्वरी श्री टेंबे स्वामींची पुण्यतिथी. म्हणजे आपल्याकडे येण्याचा जसा उत्सव आहे, तसा जाण्याचाही आहे. त्या दिवशी नैवेद्य होतो, पालखी निघते, पंगत बसते. आपली नातवंडं त्या पंगतीत बसून शिऱ्याचा प्रसाद दोन-दोनदा मागून घेतात.

असं असताना घरात प्रत्यक्ष कुणी गेलं की मात्र आपण काय करतो? पहिलं काम म्हणजे मुलांना शेजारच्या घरी पाठवून देतो. त्यांच्यासमोर कुजबुजतो. त्यांनी विचारलं तर 'जा, खेळ जा' म्हणतो. संप्रदायानं आपल्या हातात दिलेलं सगळं साहित्य नेमकं गरजेच्या वेळी आपण फडताळात बंद करून ठेवतो. हा विचार बरेच दिवस मनात घोळत होता, म्हणून आज आपल्यापुढे ठेवतो आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्टच बोलतो, रागावू नका. हा अंक वाचणारे आपण बहुतेक साठी-सत्तरी ओलांडलेले. आपल्या नातवंडांच्या आयुष्यात मृत्यूची पहिली ओळख कुणाच्या जाण्यानं होणार आहे? सृष्टीचा क्रम सरळ चालला तर आपल्याच. आणि क्रम सरळच चालावा, अशी आपली रोजची प्रार्थना असते. मग त्या दिवशी ते लहान मूल दाराशी उभं राहून 'आजोबा कुठे गेले?' असं विचारेल, तेव्हा उत्तर द्यायला आपण नसू. त्या उत्तराची तयारी आपण असतानाच व्हायला हवी.

आपण काय सांगतो आणि मूल काय ऐकतं

आपली नेहमीची उत्तरं तपासून पाहू या. 'आजी झोपली आहे.' ऐकायला किती सौम्य वाटतं! पण मूल शब्दाला शब्द धरून चालतं. त्या रात्री ते झोपायला घाबरतं. आई दुपारी जरा आडवी झाली तर तिला हलवून उठवतं. 'आजोबा गावाला गेलेत.' मग ते दारात वाट बघत बसतं, आणि निरोपही न घेता गावाला गेले म्हणून मनात आजोबांवर रुसतं. पुढे बाबा खरोखरच गावाला निघाले की आकांत करतं.

'देवाला आवडले म्हणून देवानं नेलं.' हे तर आपण भाविक माणसंच जास्त म्हणतो. मोठ्या माणसाला त्यातला भाव कळतो. मुलाला काय कळतं? चांगलं वागलं की देव उचलून नेतो! ज्या दत्तमहाराजांसमोर ते रोज हात जोडतं, ते त्याला घरातलं माणूस पळवून नेणारे वाटू लागतात. आपण देवाचं नाव घेतलं आणि मुलाच्या मनातला देव घालवून बसलो, असं होतं.

तसंच कर्माचं. कर्मसिद्धांत आपला आहे, खरा आहे. पण तो स्वतःच्या जीवनाकडे बघण्यासाठी आहे. ज्या मुलाची आई गेली त्याच्या देखत 'काय पूर्वजन्मीचं असेल बिचाऱ्याचं' असे उसासे टाकण्यासाठी तो नाही. मुलं आधीच मनातल्या मनात स्वतःला दोष देत असतात. 'मी त्या दिवशी आजीला उलट बोललो म्हणून ती गेली का?' असं कित्येक मुलांना वाटतं आणि ती ते कुणाला सांगत नाहीत. आपण न विचारताच सांगून टाकावं की, 'तुझ्या बोलण्यानं, रागावण्यानं काही झालेलं नाही. आजी आजारी होती. तिचं हृदय थकलं होतं.'

यमाच्या दारात बसलेला मुलगा

मुलाशी मृत्यूविषयी बोलावं की नाही, या प्रश्नाचा निकाल आपल्या ऋषींनी फार पूर्वी लावून ठेवला आहे. कठोपनिषदातला नचिकेता आठवा. मृत्यूविषयीचं आपलं सर्वांत प्रसिद्ध उपनिषद, आणि त्यात प्रश्न विचारणारा कुणी वृद्ध तपस्वी नाही. एक कोवळा मुलगा आहे. वडील यज्ञात दान म्हणून म्हाताऱ्या, दूध आटलेल्या गाई देत आहेत हे त्यानं पाहिलं आणि विचारलं, मला कुणाला देणार? पुन्हा पुन्हा विचारल्यावर वडील संतापले आणि म्हणाले, तुला मृत्यूला दिलं. पोर खरंच यमाच्या दारी गेलं. यम घरी नव्हता. तीन रात्री उपाशीपोटी बसून राहिलं.

यम आला तेव्हा त्यानं काय केलं? 'लहान आहेस, तुला काय कळतंय' असं म्हणून हाकलून दिलं नाही. अतिथी उपाशी राहिला म्हणून त्याला वाईट वाटलं, आणि तीन रात्रींबद्दल तीन वर दिले. तिसऱ्या वराला नचिकेत्यानं माणूस मेल्यावर पुढे काय, हा प्रश्न विचारला. यमानं त्याला हत्ती, घोडे, सोनं, दीर्घायुष्य, सगळी आमिषं दाखवली. आपणही तेच करतो, नाही का? मुलानं मरणाचा विषय काढला की हातात चॉकलेट नाहीतर मोबाईल देतो. नचिकेता भुलला नाही, आणि मग यमानं त्याला सगळं नीट समजावून सांगितलं.

या कथेत मला सर्वांत हृद्य वाटतो तो पहिला वर. ब्रह्मज्ञान मागण्याआधी त्या मुलानं मागितलं काय? 'माझ्या वडिलांचा राग शांत होऊ दे, मी परत गेलो की त्यांनी मला ओळखून प्रेमानं जवळ घ्यावं.' मृत्यूच्या दारात बसलेल्या मुलाची पहिली काळजी घराची होती! आजची मुलंही तशीच आहेत. आजोबा गेल्यावर नातू विचारतो, 'आता मला शाळेच्या बसपर्यंत कोण सोडणार?' आपल्याला वाटतं, काय हा स्वार्थी. तो स्वार्थ नाही. 'माझं घर शाबूत आहे ना, तुम्ही सगळे मला जवळ घ्याल ना', हेच तो त्याच्या भाषेत विचारतो आहे. त्याला आधी त्याचं उत्तर द्यावं. 'उद्यापासून काका सोडतील' एवढं सांगितलं तरी त्याचा जीव थोडा खाली पडतो. आत्म्याचं अमरत्व दुसऱ्या दिवशी सांगितलं तरी चालेल. खुद्द यमानंही ते तिसऱ्या वराला सांगितलं.

फॉर्मवरचा 'अज्ञान'

माझी सारी नोकरी एका बँकेत कारकुनीत गेली. शेवटची काही वर्षं मयत खातेदारांच्या दाव्यांचं टेबल माझ्याकडे होतं. नामनिर्देशन आहे का, वारस कोण, मृत्यूचा दाखला जोडला का, हे बघायचं. कायद्याच्या मराठीत अठरा वर्षांखालच्या मुलाला 'अज्ञान' म्हणतात. अज्ञान वारसाच्या पुढे पालकाची सही घ्यायची. हा शब्द मी शेकडो वेळा लिहिला असेल.

एकदा एक तिशीतली बाई आली. नवरा जाऊन दोन महिने झाले होते. बरोबर तिसरी-चौथीतला मुलगा. ती काउंटरवर वाकून हळूच म्हणाली, 'साहेब, याला अजून सांगितलेलं नाही. बाबा मुंबईला दवाखान्यात आहेत असंच सांगितलंय. जरा सांभाळून बोला.' मी मान डोलावली आणि कागद बघू लागलो. पण त्या वयाची मुलं दिसेल ते वाचत असतात. पाटी असो, रद्दीचा कागद असो. त्यानं फॉर्मवरच्या एका शब्दावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, 'काका, मयत म्हणजे काय?'

मी त्याच्या आईकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. उत्तर देण्याचा अधिकार तिचा होता. मी म्हटलं, 'ताई, घाई नाही. बाकावर बसा निवांत, मी पाणी पाठवतो.' ती त्याला घेऊन कोपऱ्यातल्या बाकावर बसली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. पंधरा-वीस मिनिटांनी दोघं परत आली. दोघांचेही डोळे लाल होते, पण मुलानं आईचा हात घट्ट धरला होता. सही करता करता ती म्हणाली, 'त्याला माहीत होतं हो. म्हणतो, आजी रोज रात्री रडते ते मला ऐकू येतं. तू सांगत नव्हतीस म्हणून मी विचारलं नाही.'

त्या दोन महिन्यांत आई मुलाला सांभाळत होती, असं तिला वाटत होतं. खरं तर मूल आईला सांभाळत होतं. आठ-नऊ वर्षांचं पोर एकट्यानं ते ओझं वागवत होतं, कारण घरात कुणी तो शब्द उच्चारत नव्हतं. त्यात आईचा दोष नाही. तिनं मायेपोटीच लपवलं. पण मूल 'अज्ञान' असतं ते फक्त फॉर्मवर. घरातलं दुःख त्याला कळतंच. आपल्या हातात एवढंच असतं की त्या दुःखात त्याला एकटं ठेवायचं की आपल्याबरोबर बसवायचं.

शिरोळची माता आणि न ऐकलेली प्रार्थना

आता एका अवघड जागेकडे येतो. आपण श्रीगुरुचरित्राचं पारायण करतो. मुलं आजूबाजूला असतात, कानावर पडत असतं. विसाव्या-एकविसाव्या अध्यायात शिरोळच्या ब्राह्मण स्त्रीची कथा आहे. तिचा मुलगा जातो. ती प्रेत सोडायला तयार होत नाही. मग श्रीगुरू ब्रह्मचाऱ्याच्या रूपानं येतात, आणि शेवटी औदुंबरी त्यांच्या कृपेनं मूल उठून बसतं. तिसाव्या अध्यायापासून माहूरच्या सतीची कथा आहे. तिथेही गेलेला पती गुरुकृपेनं उठतो.

हे ऐकून एखादं पोर विचारणारच, 'मग मी पण प्रार्थना केली होती. माझी आई का नाही उठली? माझी भक्ती कमी पडली का?' मंडळी, हा प्रश्न टाळता येणार नाही. टाळला तर त्या मुलाच्या मनात एक तर देवाविषयी अढी बसते, नाहीतर स्वतःविषयी.

याचं उत्तर त्याच पोथीत आहे. दोन्ही कथा नीट वाचा. श्रीगुरू आले ते आधी चमत्कार करायला आले नाहीत. आधी ते त्या दुःखी बाईजवळ बसले, तिच्याशी बोलले. देह पंचभूतांचा आहे, तो कुणाचाच कायम टिकत नाही, अवतारी पुरुषांचाही नाही, हे त्यांनी तिला सरळ सांगितलं. 'मूल झोपलं आहे' असं म्हणाले नाहीत. 'रडू नको, लोक काय म्हणतील' असंही नाही. ती हट्ट करीत होती, उलट प्रश्न करीत होती, तेही त्यांनी ऐकून घेतलं. आधी सोबत, मग सत्य. चमत्कार झाला तो या सगळ्यानंतर. आणि चमत्कार महाराजांच्या हातातला आहे. सोबत आणि सत्य मात्र आपल्या हातातलं आहे, ते आपण कुठल्याही घरात देऊ शकतो.

दुसरं असं की, ज्यांनी दुसऱ्याचं मूल उठवलं, त्या श्रीगुरूंनी स्वतःचा देह धरून ठेवला का? त्यांच्यावर भक्ती करणारे काही कमी नव्हते. गाणगापूर सोडताना शिष्य रडले, पाया पडले, थांबा म्हणाले. तरी ते गेले. मग त्या शिष्यांची भक्ती कमी पडली, असं आपण म्हणतो का? मुलाला हेच सांगावं. 'तुझी प्रार्थना कमी पडली नाही, बाळा. महाराजांनी ती ऐकली. पण प्रत्येक शरीराला कधी ना कधी थांबायचंच असतं. प्रार्थना केलीस म्हणून आईच्या उशाशी तू एकटा नव्हतास, महाराज होते.' एवढं ऐकून मूल लगेच शांत होईल असं नाही. ते देवावर रागावेल. रागावू द्यावं. चार दिवस देवापुढे हात जोडले नाहीत तर धपाटा घालू नये. शिरोळच्या मातेनंही महाराजांना बोल लावलेच होते, आणि महाराज तिच्यावर रागावले नाहीत.

पादुकांचा अर्थ

आपल्या संप्रदायात पादुकांना एवढं महत्त्व का, याचा विचार कधी केला आहे का? औदुंबरला विमल पादुका, वाडीला मनोहर पादुका, गाणगापूरला निर्गुण पादुका. पादुका म्हणजे काय? जे पुढे निघून गेले त्यांनी मागे ठेवलेली खूण. वाडीत श्रीगुरू राहिले, मग पुढे गेले. निरोपाच्या वेळी योगिनींनी शोक केला, तेव्हा 'मी इथेच आहे' असं आश्वासन देऊन गेले. आज इतक्या शतकांनंतर आपण तिथे जाऊन काय म्हणतो? 'महाराज होते' असं म्हणतो का? 'महाराज आहेत' असंच म्हणतो.

देह दिसत नाही आणि तरी नातं संपत नाही, हे समजायला मोठ्यांना पोथ्या लागतात. पण वाडीला एकदा गेलेलं मूल ते सहज समजतं. पावसाळ्यात कृष्णेला पूर येतो, पाणी मंदिरात शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणद्वारानं बाहेर पडतं. लोक त्या पाण्यात स्नान करतात. पाणी आणखी चढलं की मंदिरच पाण्याखाली जातं. त्या वेळी मुलाला विचारा, 'पादुका कुठे आहेत?' ते म्हणेल, 'खाली आहेत, पाण्यात.' 'दिसतात का?' 'नाही.' 'मग नाहीत का?' ते हसेल तुम्हाला. मग कधीतरी, योग्य वेळी सांगता येतं की, आजीच्या बाबतीतही तसंच आहे. तिचं शरीर आता नाही, त्याची राख झाली, ती आपण नदीत सोडली. पण तिनं तुला शिकवलेलं शुभंकरोति तुझ्याजवळ आहे, तिची माया तुझ्याजवळ आहे, आणि तिचा जीव महाराजांच्या चरणाशी आहे, अशी आपली श्रद्धा आहे.

इथे एक सावधगिरी. दाखले देताना फरकही सांगावा. गणपतीचं विसर्जन हा मुलांना निरोपाचा फार सुंदर धडा आहे. पण विसर्जनाचा दाखला दिला की मूल पटकन विचारतं, 'मग आजोबा पण पुढच्या वर्षी येणार?' तिथे 'हो' म्हणू नये. 'गणपतीची मूर्ती आपण नवीन आणतो. आजोबा त्या रूपात परत येणार नाहीत' असं शांतपणे सांगावं. खोटी आशा दिली तर ती मुदतीला वटत नाही, आणि मग आपल्या पुढच्या शब्दालाही मुलाच्या लेखी किंमत राहत नाही.

अवधूताची शाळा

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूतानं यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले. नाथमहाराजांनी त्यावर मराठीत विस्तारानं लिहिलं आहे. त्या चोवीसांत एक गुरू चक्क लहान मूल आहे, हे आपण विसरतो. मान-अपमानाची, घरा-दाराची चिंता नसलेलं, आपल्याच आनंदात रमणारं. मुलं दुःखातही अशीच असतात. तासभर आजीसाठी रडतात आणि मग अंगणात जाऊन लगोरी खेळतात. लगेच कुणीतरी म्हणतं, 'बघा, याला काही वाटतच नाही.' वाटतं हो. त्याचं मन जेवढं पेलतं तेवढं दुःख ते घेतं, मग खाली ठेवतं, पुन्हा उचलतं. त्याला खेळू द्यावं. रात्री निजताना पुन्हा प्रश्न येईल, तेव्हा आपण जागं असावं.

दुसरा गुरू चंद्र. कला वाढतात, कमी होतात, अमावास्येला तर काहीच दिसत नाही. पण ते कलांचं असतं, चंद्र आहे तसाच असतो. बाळपण, तारुण्य, म्हातारपण, मरण हे तसंच देहाचं, असं अवधूत सांगतो. नातवाला गच्चीवर नेऊन महिनाभर चंद्र दाखवावा. सात-आठ वर्षांच्या मुलाला यापेक्षा सोपं वेदान्ताचं पुस्तक नाही.

तिसरा कपोत. पिलं जाळ्यात सापडली, ते पाहून कपोती धावली आणि अडकली, मागोमाग कपोतानंही जाळ्यात उडी घेतली. हा धडा मुलांसाठी नाही, आपल्यासाठी आहे. घरातलं कर्तं माणूस गेलं की उरलेली मोठी माणसं शोकाच्या जाळ्यात अशी अडकतात की मागे राहिलेल्या पोराकडे कुणाचं लक्षच नसतं. त्याला वेळेवर जेवण, वेळेवर झोप, नेहमीची शाळा आणि डोक्यावरून फिरणारा एक हात हवा असतो. आपण रडू नये असं नाही. मुलांसमोर रडलं तरी चालतं. 'मला आजोबांची आठवण येते म्हणून मी रडते आहे' एवढं सांगितलं की मुलाला रडण्याची भीती वाटत नाही. पण जाळ्यात उडी घेऊ नये.

प्रत्यक्ष काय करावं

पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला मरण कायमचं आहे हे उमजत नाही. ते पुन्हा पुन्हा तोच प्रश्न विचारील. प्रत्येक वेळी तेच साधं उत्तर द्यावं. 'आजीचं शरीर चालायचं थांबलं. आता तिला दुखत नाही, भूक लागत नाही. ती परत येणार नाही.' पाच ते नऊच्या मुलांना 'आता कुणाचा नंबर' ही भीती असते. 'तू पण मरशील का?' असं विचारलं तर झिडकारू नये. 'हो, कधीतरी. सगळेच जातात. पण आज मी आहे. आणि मी नसेन तेव्हाही तुझे आई-बाबा, आत्या, मामा आहेत. तू एकटा पडणार नाहीस.' दहाच्या पुढची मुलं बोलत नाहीत, खोलीत जाऊन बसतात. त्यांना उपदेश नको असतो, काम हवं असतं. अस्थिविसर्जनाला बरोबर घ्यावं, पाहुण्यांचं चहापाणी बघायला सांगावं.

आपल्या दहा-तेरा दिवसांच्या विधींत मुलांनाही करण्यासारखं पुष्कळ आहे. जिथे दिवा ठेवतात तिथे तेल घालायचं काम नातवाला द्यावं. फुलं वाहू द्यावीत. अंत्यदर्शन घ्यायचं असेल तर आधी काय दिसेल ते सांगून, हात धरून न्यावं. नको म्हणालं तर ओढून नेऊ नये. दहाव्याला पिंडाला कावळा का शिवायचा, विचारलं तर 'गप्प बस' म्हणू नये. 'आजोबांची काही इच्छा राहिली असेल तर ती आम्ही पूर्ण करू, असा शब्द आपण देतो' असं सांगावं. मुलांना शब्द देणं कळतं. मात्र भुताखेताच्या, 'घुटमळण्याच्या' गोष्टी त्या दिवसांत त्यांच्या कानावर पडू देऊ नयेत.

देवाघरचं वर्णनही बेतानं करावं. तिथे सगळं कसं सुंदर आहे असं रंगवून सांगितलं की मूल म्हणतं, 'मलाही आजोबांकडे जायचंय.' असं म्हणालं तर जवळ घेऊन विचारावं, त्याला काय वाटतं ते ऐकून घ्यावं, आणि ते हसण्यावारी नेऊ नये. जेवण तुटलं, झोप उडाली, अंथरूण ओलं होऊ लागलं, शाळा नकोशी झाली आणि हे आठवड्यांमागून आठवडे चालूच राहिलं, किंवा जायचं-मरायचं बोलणं पुन्हा आलं, तर डॉक्टरांकडे, मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावं. अंगारा लावावा, आणि डॉक्टरकडेही न्यावं. ताप आला तर आपण दोन्ही करतोच की.

आपण असतानाच

शेवटी पुन्हा आपल्या वयाकडे येतो. आपल्यापैकी अनेकांनी नामनिर्देशनं करून ठेवली असतील. कुणाचं नाव कुठल्या ठेवीवर, ते डायरीत लिहिलं असेल. चांगली गोष्ट आहे, सगळ्यांनी करावी. पण नातवंडांच्या नावावर आपण काय करून ठेवलं आहे?

पितृपक्षात नातवाला शेजारी बसवावं, आपल्या आई-वडिलांचा फोटो दाखवावा आणि त्यांच्या चार गोष्टी सांगाव्यात. 'माझी आई गेली तेव्हा मीही रडलो होतो. मग हळूहळू बरं वाटलं' असं आजोबांच्या तोंडून ऐकलेलं वाक्य त्या मुलाला पुढे फार उपयोगी पडतं. गेलेल्यांवर प्रेम करता येतं आणि तरी हसत जगता येतं, याचा पुरावाच त्याच्यासमोर बसलेला असतो. संध्याकाळी दिवा लावताना, त्रिपदी म्हणताना त्याला बरोबर घ्यावं. पाच मिनिटं पुरतात. औदुंबराला पाणी घालायचं काम त्याच्याकडे द्यावं. उद्या आपण नसताना दुसऱ्या दिवशी संध्याकाळ होणारच आहे. त्या वेळी ते मूल सवयीनं देवापुढे येईल, निरांजन लावील, ओळखीचं नाम घेईल. आपला आवाज त्यात नसेल, पण नाम तेच असेल. त्याला धरायला तेवढं पुरेल.

हे दत्तात्रेया, अत्रि-अनसूयेच्या घरी तू बाळ होऊन आलास. जगाचा स्वामी असून आईच्या मांडीवर रांगलास. बाळाचं मन तुला वेगळं सांगायला नको. आमच्या घरातल्या मुलांना तुझी भीती कधी न वाटो. आमच्या जिभेला त्यांच्याशी खरं बोलण्याचं बळ दे, आणि आम्ही निघू तेव्हा त्यांचा हात तुझ्या हातात असू दे. आई-वडिलांच्या छत्राला पारखी झालेली जी लेकरं आज जयंतीला पाळण्याची दोरी ओढायला आली असतील, त्यांच्यावर तुझी विशेष दृष्टी असू दे. आणि तू दृष्टी ठेवशीलच, पण मंडपात त्यांच्या शेजारी बसलेले आम्हीही त्यांना जवळ घेऊ, एवढी बुद्धी आम्हाला दे.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥